वीज, पाणी, बस: संपाचा हक्क परत मिळायला हवा की नको?

उपकेंद्रवाले_काका

नमस्कार मंडळी. वीज मंडळात यंत्रचालक म्हणून लागलो, २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि त्यांतल्याच एकीतून निवृत्त झालो. नोकरीभर युनियनचा सभासद होतो, आजही स्वतःला कामगारच समजतो.

गेल्या काही वर्षांत एक रीत पडून गेली आहे. वीज, बेस्ट, पालिका, कुठल्याही युनियनने संपाची नोटीस दिली की चर्चेच्या बोलावण्याआधी मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालणारा राज्याचा कायदा, दारात उभा. जानेवारी २०१९ ला बेस्टच्या संपात लावला, मार्च २०२२ ला वीज कामगारांना लावला, जानेवारी २०२३ ला पुन्हा वीज कामगारांनाच. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर गेले त्याच दिवशी विधिमंडळाने मेस्माचे विधेयक नव्याने मंजूर केले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि संपाची वाट आणखी अरुंद झाली आहे.

वीज आणि पाण्यात संपावर काही बंधन असावे हे मला मान्य आहे. रात्रपाळीला उपकेंद्रात एकटा बसलेला माणूस उठून गेला तर काय होते ते मी जाणतो. पण बंधन घालायचे तर त्या बदल्यात कामगाराला काहीतरी मिळाले पाहिजे. त्याचे गाऱ्हाणे ठरलेल्या मुदतीत ऐकून निकाल देणारा आणि तो निकाल सरकारलाही बांधील असणारा कोणीतरी हवा. आज तसा कोणी नाही. हक्क काढून घेतला आणि त्या जागी नुसती तुरुंगाची भीती ठेवली.

तुम्हाला काय वाटते? सेवेतल्या लोकांनी लिहावेच, ग्राहकांनीही मोकळेपणाने लिहावे.

भोसरीकर

काका, आदर ठेवून असहमत.

माझे प्लास्टिक मोल्डिंगचे छोटे युनिट आहे. चालू मशीनची वीज गेली की बॅरलमधले वितळलेले प्लास्टिक जागच्या जागी घट्ट होते. हीटर परत तापवायचे, अडकलेला माल जाळून बाहेर काढायचा, कधी स्क्रूच उपसून साफ करायचा, तोवर पाळी संपलेली असते. एका संपात हे भोगले आहे. पोरांचा त्या दिवसाचा पगार मी दिला, कारण त्यांचा काय दोष?

खासगी कारखान्यात संप झाला तर मालकाच्या खिशाला कात्री लागते, म्हणून तो बोलायला येतो. इथे मालक सरकार आहे आणि कात्री मात्र गिऱ्हाइकाच्या खिशाला लागते. तुमचे भांडण माझ्याशी नाही, मग ओलीस मी का?

तृप्ती_नाशिक

भोसरीकरांशी सहमत आणि थोडं पुढचं. बाबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला असतो. लाईट गेली की मशीन लांब शिट्टी मारतं, मग आम्ही सिलिंडरकडे धावतो. सिलिंडर किती वेळ पुरेल ते काट्याकडे बघत बसायचं. संपाची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. मला कामगारांबद्दल राग नाही, खरंच नाही. पण माझ्यासारख्यांचा विचार कोण करणार?

कोल्हापुरी_पांढरा

गंभीर चर्चेत जरा हलकं: आमच्याकडे लाईट गेली की आजी अजून विचारते, "बोर्डाची गेली की आपलीच गेली?" बोर्ड जाऊन वीस वर्षं झाली, आजीचा बोर्ड अजून चालू आहे. 🙂

उपकेंद्रवाले_काका

@कोल्हापुरी_पांढरा, आजींना माझा नमस्कार सांगा. आम्हीसुद्धा अजून 'मंडळात होतो' असेच म्हणतो.

@भोसरीकर, तुमचा मुद्दाच माझा मुद्दा आहे. संपाची झळ सरकारला थेट बसत नाही, म्हणून सरकारला चर्चेची घाई नसते. त्याला उपाय म्हणून सरकारला टेबलावर बसायला भाग पाडणारी यंत्रणा हवी. नुसता संप बंद केला तर उरलीसुरली घाईही संपते. वेतन कराराची मुदत उलटून महिनेच्या महिने जातात, मागणीपत्र धूळ खात पडते.

@तृप्ती_नाशिक, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, पण आधी कायद्याचे कोणी सांगेल का?

काळाकोट

सांगते. कामगार न्यायालयात वकिली करते, त्यामुळे हे रोजचेच.

धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आहे, तो मूलभूत आहे. संपाचा हक्क मात्र मूलभूत नाही. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात १९६२ च्या सुमारासच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणजे संप हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि कायदा बदलून तो आवळता येतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात रेल्वे, बंदरे, टपाल, वीज, पाणी, साफसफाई अशा लोकोपयोगी सेवांसाठी वेगळे कलम २२ होते. नोटीस द्यायची, १४ दिवस थांबायचे, समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप करायचा नाही. इतर कारखान्यांना ही नोटिशीची अट नव्हती. आता चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ६२ ने ती सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लावली. भोसरीकर, तुमच्या युनिटमध्ये युनियन झाली तर तिलाही.

खरी गोम पुढे आहे. समेट झाला नाही तर दोघांपैकी कोणीही थेट न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. आणि प्रकरण तिथे चालू असेपर्यंत, वर आणखी ६० दिवस, संप बेकायदा. अर्ज व्यवस्थापनाने केला असला तरी. आपल्याकडे तारखा कशा पडतात ते सर्वांना माहीत आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपात भाग घेतला तर १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. मेस्मा त्याच्या वर वेगळा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समित्या याकडे कसे पाहतात तेही सांगते. लोकांच्या जिवाला धोका होईल अशा सेवा, म्हणजे रुग्णालये, वीज, पाणी, यांत संपावर बंधन चालते. पण मग निःपक्ष आणि जलद लवाद दिलाच पाहिजे. काका म्हणतात तेच. साधारण वाहतूक त्या यादीत बसत नाही, म्हणजे एसटी-बेस्टला सरसकट अत्यावश्यक ठरवणे त्या कसोटीला उतरत नाही. संघटना-स्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून स्वीकारलेले नाहीत.

आकडेमोड

कायदा समजला. आता दुसरी बाजू कोणीतरी लिहायलाच हवी.

एकेका कंपनीत दोन-तीन डझन युनियन आहेत. जातीवार, पदवार, पक्षवार. बदल्या, पाळ्या, क्वार्टर यांतच अर्धी शक्ती जाते. वसुलीला गेलेल्या माणसाला मार बसतो तेव्हा यांतले किती पुढारी पोलीस ठाण्यात जाऊन बसतात? लोकांना युनियनबद्दल आस्था उरली नाही ती सरकारच्या प्रचारामुळे नाही. हक्क परत मागण्याआधी ही घरातली साफसफाई करा.

खांबावरचा

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कंत्राटी लाईनमन आहे. कुठला जिल्हा, कुठलं ऑफिस, कुठला ठेकेदार ते लिहीत नाही. काम तेच करतो जे कायमवाले करतात. डीओ (खांबावरचा फ्यूज) टाकणं, जंपर (तारा जोडणारा तुकडा) बांधणं, पावसात झाड पडलं की रात्री निघणं.

लाईनवर चढायच्या आधी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यायचं असतं. उपकेंद्रातून फिडर (त्या भागाला वीज नेणारी लाईन) बंद केला असं सांगतात, ते पुरेसं नाही. कुणाच्या तरी जनरेटरमधून, इन्व्हर्टरमधून उलटा करंट येतो. म्हणून आधी डिस्चार्ज रॉड लावायचा, मग काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूला अर्थिंग करायचं, मगच हात लावायचा. आमच्या गँगला रॉड एकच होता. दुसरी बाजू उघडी. हातमोजे फाटलेले, बोटाशी भोक पडलेलं. रबरी मोज्याला टाचणीएवढं भोक असलं तरी तो मोजा नसल्यासारखाच.

आम्ही चौघांनी कागदावर लिहून दिलं की दुसरा रॉड आणि नवे मोजे मिळेपर्यंत चालू लाईनजवळ चढणार नाही. संप नाही, घोषणा नाही. पुढच्या महिन्यात हजेरीपटावर चौघांची नावं नव्हती. ठेकेदार म्हणाला, वरून सांगितलंय. वर विचारलं तर म्हणाले, तुम्ही आमची माणसंच नाही. नंतर दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलो.

आकडेमोड साहेब, तुम्ही म्हणता त्या दोन-तीन डझन युनियनपैकी आमच्यासाठी एक आली असती तरी चाललं असतं. संपाचा हक्क लांब राहिला, आम्हाला मोजे मागायचा हक्क पाहिजे.

तृप्ती_नाशिक

@खांबावरचा, वाचून सुन्न झाले. बाबांचं मशीन चालू राहावं म्हणून रात्री-अपरात्री खांबावर जो चढतो त्याच्या हातात मोजा नाही, हे मनातच आलं नव्हतं.

भुसावळकर

रेल्वेच्या गावचा असल्यामुळे राहवत नाही. 'परत मिळायला हवा का' असे शीर्षक आहे, तर परत मिळाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच माणसाच्या हातून घडलेले आहे.

८ मे १९७४. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरचे सुमारे १७ लाख रेल्वे कामगार संपावर गेले. बोनस आणि इंजिनवरच्या माणसांना आठ तासांची ड्युटी या मागण्या होत्या. संप सुरू व्हायच्या आधीच जॉर्जना अटक झाली होती. हजारो तुरुंगात, हजारो बडतर्फ, रेल्वे वसाहतींत पोलीस. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत भुसावळला बायकांनी एकमेकींची घरे कशी धरून ठेवली याच्या गोष्टी आईकडून ऐकत मोठा झालो. कुणाच्या घरचे पीठ संपले ते सांगावे लागत नसे, शेजारीण डबा ठेवून जायची.

१९७७ ला जनता सरकार आले आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्या संपात काढलेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. १९७९ पासून रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनसही मिळू लागला. ज्या मागणीसाठी लोक तुरुंगात गेले ती पाच वर्षांत मान्य झाली. मग बेजबाबदार कोण होते, मागणारे की नाकारणारे?

आकडेमोड

@भुसावळकर, दंडवते हे दंडवते होते. तसा मंत्री पुन्हा मिळेल यावर धोरण उभारता येत नाही.

@खांबावरचा, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. माझी टीका कायम पुढाऱ्यांवर होती, तुमच्यावर नव्हती.

काळाकोट

भुसावळकरांच्या उदाहरणाची उलटी बाजू तमिळनाडूत दिसली. जुलै २००३ मध्ये तिथल्या सरकारने संपावरचे सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी आणि शिक्षक एका फटक्यात बडतर्फ केले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बहुतेकांना परत घ्यायचे ठरले, पण माफी लिहून देऊन. त्याच निकालात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा कोणताही, अगदी नैतिक हक्कसुद्धा नाही असे लिहिले गेले. आजही प्रत्येक मेस्मा प्रकरणात हा निकाल समोरून येतो. नोकरी परत मिळाली, हक्क गेला.

मुलुंडची_मीरा

आमचा भाग जानेवारी २०२३ च्या संपाच्या केंद्रस्थानी होता, म्हणून लिहिते. मुलुंड-भांडुप, नवी मुंबई या पट्ट्यात अदानींच्या कंपनीने समांतर वितरण परवाना मागितला होता. त्याविरोधात तीसेक युनियन एकत्र आल्या, ३ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून ७२ तासांचा संप. आकडेमोड, तुम्ही ज्यांना विखुरलेले म्हणता ते एका रात्रीत एकत्र आले होते. आणि त्या संपात पगारवाढीची मागणी नव्हती! फायद्याचा शहरी भाग वेगळा झाला तर गावाकडची शेतीची वीज कोणाच्या बळावर चालणार, हा प्रश्न होता. हा माझ्यासारख्या ग्राहकाचाही प्रश्न आहे.

४ तारखेलाच उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर बैठक झाली. खासगीकरण करणार नाही, उलट तिन्ही कंपन्यांत तीन वर्षांत ५० हजार कोटींची गुंतवणूक करू असे आश्वासन मिळाले आणि त्याच दिवशी संप मागे घेतला गेला. मला इतकेच कळते की ही बैठक नोटीस मिळाल्यावर, वीज जायच्या आधी, घेता आली असती.

भोसरीकर

मीराताई, शेवटचे वाक्य पटले. नोटीस आणि संप यांच्यामधले दिवस सरकार वापरत नाही. त्याचा भुर्दंड तुम्हा-आम्हाला.

मीठभाकर

कोणी उत्तर प्रदेशचं लिहिलं नाही. आपल्याकडचा वीज संप मिटल्यावर अडीच महिन्यांत, मार्च २०२३ मध्येच, तिथे वीज कामगार ७२ तासांच्या संपावर गेले. हजाराहून जास्त कंत्राटी कामगार घरी पाठवले गेले, नेत्यांवर गुन्हे, वर उच्च न्यायालयाचा अवमानाचा बडगा. मुदत संपायच्या आत संप मागे. सगळ्यात आधी कुऱ्हाड कोणावर पडली बघा: कंत्राटी. खांबावरचा दादांच्या प्रतिसादाशी जोडून वाचा.

वाहकाची_बायको

एसटीचा विषय निघाला म्हणून. ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आमच्या घरात महिनोन्महिने पगार नव्हता, मी शिवणावर घर चालवलं. शासनात विलीनीकरण व्हावं ही एकच मागणी होती. नोव्हेंबरात मूळ पगारात वाढ जाहीर झाली, नोकरीच्या वर्षांप्रमाणे अडीच, चार, पाच हजार. तरी लोक परतले नाहीत. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलची तारीख दिली तेव्हा परतले.

त्या संपातलं कोणी बोलत नाही ते सांगते. कामगारांनी आपल्या युनियनही बाजूला सारल्या होत्या. मान्यताप्राप्त युनियन एक, बोलणी तिच्याशी, करार तिचे, आणि डेपोतल्या माणसाचा तिच्यावर विश्वास नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे लोक गेले. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मान्यता पावतीपुस्तकावर ठरू नये. डेपोत पेटी ठेवा, गुप्त मतदान घ्या. हक्क परत द्यायचेच तर आपली युनियन निवडायचा हक्क पहिला द्या.

काळाकोट

@वाहकाची_बायको, अगदी मर्मावर बोट ठेवलेत. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात मान्यता मिळते ती ३० टक्के सभासदसंख्येवर. नव्या संहितेत वाटाघाटीसाठी एकमेव युनियन व्हायचे तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. आणि खांबावरचा यांचे नाव मूळ कंपनीच्या हजेरीपटावर नाहीच. ते ना ३० टक्क्यांत, ना ५१ टक्क्यांत.

श्री_टोरांटो

इथला एक निकाल तुमच्या चर्चेला अगदी लागू पडतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने २००८ मध्ये अत्यावश्यक सेवांचा कायदा केला. कोणते कामगार अत्यावश्यक, हे मतभेद झाल्यास मालकानेच ठरवायचे. त्याची धड छाननी नाही आणि संप बंद केलेल्यांसाठी लवादही नाही. ३० जानेवारी २०१५ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला आणि संपाचा हक्क संघटना-स्वातंत्र्याचाच भाग आहे असे मान्य केले.

काका नेमके हेच सांगत आहेत. बंधन घालायला न्यायालयाने मनाई केलेली नाही. बंधन घालणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकच असू नये, एवढेच.

म्हापशेची_नीता

गोव्यातून. आमच्याकडे कंपनीच नाही, वीज हे थेट सरकारी खाते आहे. म्हणजे लाईनमन सरकारी नोकर, त्याला सेवा नियमांची चौकट. २००३ चा निकाल वाचल्यावर वाटते, अशा लोकांसाठी काकांच्या लवादाची गरज अधिकच आहे.

कोल्हापुरी_पांढरा

काका, 'सविस्तर लिहितो' म्हणाला होता. आजीसकट सगळे वाट बघतायत.

उपकेंद्रवाले_काका

लिहितो. दोन दिवस सगळ्यांचे वाचत होतो.

तृप्तीताई, उपकेंद्रात बसणाऱ्याला कोणत्या फिडरवर रुग्णालय आहे आणि कोणत्यावर पाण्याचे पंप आहेत ते पाठ असते. संपात हे फिडर चालू ठेवायला किती माणसे लागतील हे व्यवस्थापन आणि युनियन बसून आधीच ठरवू शकतात. ती माणसे संपात नसतील. इटलीत १९९० पासून असा कायदा आहे. अत्यावश्यक सेवेत संप करता येतो, पण किमान सेवा चालू ठेवावी लागते आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र आयोग आहे. तुमच्या बाबांसारख्या घरच्या रुग्णांची यादी शाखा कार्यालयात असावी आणि संप असो वा देखभालीची बंदी, आधी फोन जावा. हे करायला कायदाही बदलावा लागत नाही. पण त्यासाठी युनियनला गुन्हेगार न मानता समोर बसवावे लागते. मेस्मा लागला की हे बोलणेच होत नाही. नेते अटकेच्या भीतीने फोन बंद ठेवतात आणि कोणता फिडर चालू ठेवायचा हे विचारायला माणूस सापडत नाही.

भोसरीकर, लवादासमोर ग्राहकांचाही प्रतिनिधी असावा असे मी म्हणेन. मुदत ठरलेली, समजा तीन महिने. निकाल दोघांवर बांधील. सरकारने तो पाळला नाही तर मात्र संपाचा रस्ता मोकळा, नोटीस देऊन, किमान सेवा सांभाळून.

पण खरे सांगायचे तर खांबावरचा यांचा प्रतिसाद वाचल्यापासून माझ्या डोक्यात क्रम बदलला आहे. मी कायमस्वरूपी कामगाराच्या हक्काबद्दल धागा काढला. आज खांबावर चढणारा, बस चालवणारा, कचरा उचलणारा माणूस कंत्राटी झाला आहे. बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या कमी होत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत संपावर गेले ते या भाड्याच्या गाड्यांचे चालक होते. त्यांना परत द्यायला हक्क मुळात मिळालाच कुठे होता?

भोसरीकर

तीन महिने, बांधील निकाल, ग्राहकाचा प्रतिनिधी. अशा अटींवर मला हक्क मान्य आहे. किमान सेवेच्या यादीत औद्योगिक वसाहतींना निदान दोन तास आधी सूचना द्यायचे घाला, मशीन रिकामे करून ठेवता येते.

आकडेमोड

माझा विरोध निम्मा उरला. निम्मा गुप्त मतदान येईपर्यंत राहील. वाहकाची_बायको यांना अनुमोदन.

मीठभाकर

+१. आणि कंत्राटी लोकांनी लढून मिळवलेलंही आहे. मुंबई पालिकेतल्या कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं केस चालवली. पालिका म्हणायची हे आमचे कामगारच नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० जण कायम झाले. झाडू हातात घेऊन रोज पहाटे रस्त्यावर असलेल्या माणसांनी जिंकलेली केस आहे ती.

खांबावरचा

@काळाकोट ताई, एक विचारू का? आम्ही ठेकेदाराची माणसं. आम्हाला युनियन करता येते का? इथे सगळे सांगतात की करता येत नाही, पहिलं कायम व्हावं लागतं.

काळाकोट

साफ खोटे सांगतात, दादा. कंत्राटी कामगारालाही युनियन करता येते आणि असलेल्या युनियनचे सभासदही होता येते. नोंदणीसाठी सात जणांनी अर्ज करायचा. त्या वेळी आस्थापनेतले किंवा त्या उद्योगातले किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या निबंधकाकडे जातो. मीठभाकर यांनी सांगितलेली सफाई कामगारांची केसही अशाच युनियनने चालवली.

एक सावधगिरी. सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालानंतर कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही. कंत्राट नुसते नावाला आहे आणि खरा मालक मूळ कंपनीच आहे, हे पुराव्याने दाखवावे लागते. म्हणून आजपासून कागद जपा. हजेरीपटाचा फोटो, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, ईएसआयचे कार्ड, अभियंत्याने फोनवर दिलेल्या कामाच्या सूचना. परमिटवर तुमचे नाव लिहिलेले असेल तर त्याची प्रत सर्वांत मोलाची, कारण काम कोणाच्या हुकमावरून झाले ते त्यावर दिसते. युनियन केली म्हणून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, त्याविरुद्ध दाद मागता येते. तुम्ही चौघांनी मोज्यांसाठी दिलेल्या कागदाची पोच आहे का?

खांबावरचा

पोच दिली नव्हती, पण द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो काढला होता. तारीख दिसते. यूएएन सगळ्यांचा आहे. परमिटवर कधी माझं नाव असतं, कधी कायमवाल्याचं टाकतात आणि चढतो मी.

काळाकोट

फोटो डिलीट करू नका, दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा. ज्या परमिटवर दुसऱ्याचे नाव आहे त्या कामाच्या वेळी निदान तारीख, फिडर आणि खांबाची जागा वहीत टिपा. मला व्यक्तिगत निरोप करा, अर्जाचा मराठी नमुना पाठवते. फी नाही.

उपकेंद्रवाले_काका

आणि मला जिल्हा कळवा, फक्त निरोपातून. प्रत्येक जिल्ह्यात आमचे जुने कोणी ना कोणी आहेत. द्वारसभेला कोणी यायला तयार नसेल तर मी येतो. रॉड आणि मोज्यांचे पत्र आधी सुरक्षा विभागाला जाऊ द्या, युनियनच्या नोंदणीची वाट न बघता.